खालची कड

५ जानेवारी २०२५, रविवार

बँकेने कॉलेजातल्या आम्हा सगळ्या लिपिकांना डायऱ्या दिल्या. बाकीच्यांनी दुधाचा हिशेब लिहायला बायकोला दिल्या असणार. मला बायको नाही आणि दूध पिशवीचं येतं, म्हणून मी हे लिहायला बसलोय. कुणाला सांगता येत नाही असं पुष्कळ साठलंय.

आज सिद्ध्या आला होता. सिद्धराम, सातवीपासूनचा दोस्त. त्या वेळी आमच्या घरी जेवलेलं त्याच्या घरी चालायचं नाही. तर हा गडी आईच्या हातचं जेवून, तोंड पुसून, घरी जाऊन पुन्हा जेवायचा. असा फुगला मग. आता नव्या पेठेत मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे त्याचं, आणि काउंटरच्या एका कप्प्यात क्रिकेटची कार्डं. ते वेड आम्हा दोघांचं.

आमचं एक कार्ड आहे. ‘आमचं’ म्हणजे खरंच दोघांचं. निम्मे-निम्मे घालून पेटी घेतली होती, तिच्यात निघालं. एका लेगस्पिनरचं पहिल्या वर्षाचं, त्याच्या सहीचं, मोजकीच छापलेली असतात त्यातलं. त्या दिवशी दुकानात आम्ही असे नाचलो की आलेलं गिऱ्हाईक परत गेलं. मग ते ‘गुणांक’ कंपनीला पाठवलं. आई विचारते, म्हणजे काय करतात? मी म्हटलं, भिंगाखाली धरून कोपरे, कडा, छपाई बघतात, दहापैकी गुण देतात आणि जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. आई म्हणाली, “म्हंजी चेकर की रं.” आई बिड्या वळते, तिच्या कारखान्यात माल तपासायला चेकर असतो. व्हय, चेकरच.

गुणांकने नऊ दिले. आम्ही पेढे वाटले. पण आता त्या कंपनीची पत गेली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी गुणांकची डबी टाकली की लगेच कुणीतरी लिहितं, “हा नऊ ग्रेस मार्कांचा का?” ग्रुपचा ॲडमिन पुण्याचा अभिमन्यू. तोच जूनमध्ये पुण्यात मेळावा भरवतोय आणि आम्हाला एक टेबल देणार आहे, पाटीवर दोघांची नावं. त्या टेबलावर मधोमध हे कार्ड मांडून मी लोकांचं हसणं ऐकायचं? जमणार नाही. गुणांकची डबी काढून अमेरिकेतल्या कंपनीची चढवायची. त्यांच्या गुणांपुढं कुणाची जीभ चालत नाही.

८ जानेवारी

सिद्ध्याचं म्हणणं, डबीसकट पाठवू. त्यांना नऊच्या लायकीचं वाटलं तर ते स्वतः फोडतील, नाही वाटलं तर आहे तसं परत. मी म्हटलं, वरचं गुणांकचं लेबल दिसलं की ते आधीच नाक मुरडणार. आपण फोडायचं, कोरं कार्ड पाठवायचं, म्हणजे ते स्वच्छ नजरेनं बघतील.

“नको बे. हाय ते बरं हाय.”

हाय ते बरं हाय! ह्या एका वाक्यावर अख्खं सोलापूर चाललंय. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मार्कलिस्टांवर शिक्के मारले. एकदा तरी माझ्या वस्तूला कुणीतरी मोठ्यानं चांगलं म्हणावं, एवढंच मागतोय मी.

१२ जानेवारी, रविवार

फोडलं. सिद्ध्याला न विचारता. तो गड्ड्याच्या गडबडीत, त्यांच्या घरी ह्या यात्रेचं मोठं असतं. विचारलं असतं तर नको म्हणाला असता.

पक्कड घेऊन डबीचा एक एक कोपरा मोडला. घामानं शर्ट भिजला. कार्डाला ओरखडासुद्धा नाही. शेजारी आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती, ती माझ्याचकडं बघत होती. पक्कड खाली ठेवल्यावर मला आधी तिनं पाणी दिलं.

मग तिला दाखवलं, नऊच का मिळाले ते. खालच्या कडेला एका जागी कागदाचा पांढरा तंतू वर आलाय, मुंगीच्या पायाएवढा. आईनं कार्ड उजेडात तिरकं धरलं आणि तिला लगेच दिसलं. मला पहिल्यांदा भिंगातून बघितल्यावर दिसलं होतं.

“एवढ्यापायी येक मार्क कापला? आमचा चेकर बी असाच हाय मुडदा. पानाची शीर वर दिसली की बिडी छाट.”

छाट म्हणजे नापास. वळलेल्या बिड्या घेऊन कारखान्यात जायचं, चेकर हातात धरून बघतो आणि नको त्या बाजूला टाकतो. तिचं सगळं आयुष्य ह्या छाटीच्या धाकात गेलं. पण तिचा माल छाट निघत नाही, हा तिचा तोरा. पत्र्याच्या मापानं पान कापते ते असं की दुसऱ्या बायका बघत राहतात.

“मंग तेवढं काडून टाकायचं की,” म्हणाली.

मी हसलो. म्हटलं, आई, ह्याला कुणी हात लावायचा नसतो. परवा पाकिटात घालून ठेवेन आणि गुरुवारी सिद्ध्या नेईल.

“बरं बाबा. तू नगं लावू हात.”

१४ जानेवारी

यात्रेची सुट्टी. सकाळी कार्ड पाकिटात सरकवायला घेतलं, म्हटलं एकदा शेवटचं बघावं. आणि बघतो तर काय, खालची कड लख्ख! तंतू नाही, काही नाही. भिंग लावलं तरी नाही. मी म्हणत होतो की! खोट कार्डात नव्हतीच, त्या गुणांकच्या प्लास्टिकात होती. आत प्रकाश वाकडा पडत असणार. आणि रविवारी दिसलं ते? माझ्या बोटांचा कचरा असेल, नाहीतर आईच्या सुपातला. काय मूर्ख कंपनी. फोडलं ते किती बरं केलं.

सिद्ध्या दुपारी आला. आधी तर लई चिडला. “माझं बी निम्मं हाय की बे त्यात. विचारायचं तरी.” मी म्हटलं, बघ आधी. त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“कड लईच साफ दिसलालीय बे. आधी अशी नव्हती.”

“डोळे तपासून घे.”

आईनं त्याला जेवायला वाढलं तरी गप्पच होता. जळतोय बहुतेक, माझा निर्णय बरोबर निघाला म्हणून.

१६ जानेवारी

सिद्ध्या गेला आज मुंबईला. तिथल्या एजंटाकडं कार्ड हातानं द्यायचं, तो बाकीच्यांबरोबर अमेरिकेला पाठवणार. आईनं त्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. निघताना त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, “ह्या टायमाला पास हुतंयच बग.” तिला कसली एवढी खात्री, देव जाणे. देव आम्ही मानत नाही, पण म्हणायची सवय जात नाही.

२३ फेब्रुवारी

काही नाही. रोज साइट उघडतो, रोज ‘तपासणीच्या रांगेत’. नळाला पाणी चार दिवसाआड, हे त्याहून वाईट. आई रोज विचारते, “आलं का रं चेकरचं?” आता तिनं कारखान्यातल्या बायकांनासुद्धा सांगून ठेवलंय की माझ्या लेकाचा माल अमेरिकेला गेलाय.

२१ मार्च, शुक्रवार

आकडा नाही. आकड्याच्या जागी एक ओळ आहे. कड कापल्याच्या खुणा, गुण देता येत नाहीत.

ऑफिसात मोबाईलवर बघितलं. पुढं एक पोरगी फॉर्म घेऊन उभी होती. सर सर म्हणत होती, मला ऐकूच येईना. ह्या छंदात ह्याच्यापेक्षा वाईट काही नाही. फाटलेलं कार्ड चालतं, गरीब म्हणून कुणीतरी घेतं. कापलेलं कार्ड म्हणजे लबाडी. दोष लपवायला कुणीतरी मुद्दाम पातं फिरवलं असा त्याचा अर्थ, आणि ते कार्ड ज्याच्या हातचं त्याची सगळीच कार्डं मग लोक संशयानं बघतात. संपलं. कायमचं संपलं.

घरी आलो तर दारातच, “आलं का?” मी म्हटलं, आलं. पास. तिला काय सांगायचं आणि तिला काय कळायचं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. मी पोट दुखतंय म्हणून जेवलो नाही.

२२ मार्च

कुणी कापलं? एजंट सीलबंद पाकीट पुढं पाठवतो. अमेरिकेतले कशाला कापतील. माझ्या घरातून गेलं तेव्हा कार्ड चांगलं होतं, मी स्वतः भिंगातून बघितलं होतं.

मधे एकच हात आहे. घरातून नेल्यापासून एजंटाला देईपर्यंत दोन दिवस त्याच्यापाशी होतं. मोबाईलला चिकटवायचे रंगीत कागद कापायला त्याच्या दुकानात पातं आहे, पट्टी आहे, कापायची हिरवी चटई आहे. कड साफ दिसतेय असं आधीच बोलून ठेवलं होतं त्यानं. म्हणजे तेव्हाच डोक्यात होतं.

नाही. सिद्ध्या असं करणार नाही.

पण मग कोण?

२४ मार्च, सोमवार

गेलो दुकानात. शांतपणे विचारायचं ठरवून गेलो होतो. विचारलं, “कड थोडी सारखी केलीस का रे? दहा मिळावेत म्हणून? सांग, मी समजून घेईन.”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं हा आता मारतोय.

“मी? आपलं कार्ड मी कापलालो?”

“मग कुणी?”

“मी तुला त्याच दिवशी म्हटलं, कड आधी अशी नव्हती. तू म्हणलास डोळे तपास.”

“तेच म्हणतोय मी. आधीच तयारी करून ठेवलीस.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यानं त्यांना हात जोडून बाहेर काढलं. मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, “सुम्या, घरी जा. आज तू तू न्हाईस. उद्या ये.” मला समजूत नको होती, मला कबुली पाहिजे होती. मी तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या जातीवरसुद्धा गेलो. चोरून जेवायला यायचास, चोरी तुझ्यात तेव्हापासूनच आहे, असं म्हणालो. बोललो ते बोललो.

२५ मार्च

ग्रुपवर टाकलं सगळं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, सिद्ध्याचं नाव, दुकानाचं नाव, चटईचा फोटोसुद्धा. दुसऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून. अभिमन्यूनं लगेच लिहिलं, “भाऊ, हिंमत केलीत.” तासाभरात अंगठ्यांची रांग लागली. आजवर ग्रुपवर माझ्या एकाही गोष्टीला एवढे अंगठे पडले नव्हते.

६ एप्रिल

सिद्ध्याला ग्रुपमधून काढलं. पुण्याचं टेबल रद्द. अभिमन्यू म्हणतो तुम्ही एकटे या, तुमचं स्वागत आहे. एकट्यानं जाऊन मांडू काय, कपाळ?

ज्यांनी त्याच्याकडून कार्डं घेतली होती ते आता परत घेऊन येतायत म्हणे. त्याच्या बायकोचा, ऋतुजाचा फोन आला होता. रडत नव्हती. तेच वाईट वाटलं. म्हणाली, “भाऊजी, पोरं दुकानासमोरनं जाताना बोटांची कात्री करून दाखवतात. ह्यांनी कार्डांचा कप्पाच काढून टाकला. तुम्हाला खरंच वाटतं का हो?” मी म्हटलं, पुरावा आहे. तिनं ठेवून दिला.

कार्ड एजंटाकडून परत आलं. उघडलं नाही. कपाटात वर टाकलं.

१४ एप्रिल

जयंती. पुतळ्याला हार घालून आलो. दरवर्षी सिद्ध्या सकाळीच यायचा, आईला जय भीम घालायचा, आई त्याला खीर द्यायची, आणि मग मिरवणुकीच्या दिवशी आमच्या पोरांबरोबर पाणी वाटायला उभा राहायचा. आज आईनं वाटी भरून झाकून ठेवली. दोनदा दारात जाऊन आली. मी सांगितलं, कामात आहे. “सणाच्या दिशी कसलं आलंय काम,” म्हणाली. संध्याकाळी ती खीर मी खाल्ली. खाताना मला रडू यायला लागलं, तर आई म्हणाली, गरम हाय का?

मी बरोबर होतो ना? मग हे असं का होतंय?

२ मे

लिहिवत नाही. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

आज आई कारखान्यातून लवकर आली. नवा चेकर आलाय, पोरगेलासा. त्यानं तिच्या बिड्या टाकल्या. निम्म्या छाट. सगळ्या बायकांदेखत. ती उन्हातून चालत आली आणि चप्पल न काढताच भिंतीला टेकून बसली. आई कधी अशी बसत नाही. मी पाणी दिलं, म्हटलं, बंद कर आता ते काम, मी कमावतोय की.

ती म्हणाली, “काम ऱ्हाऊ दे. पर माझ्या हातचं छाट? कालचं पोरगं मला सांगतंय? अमेरिकेच्या चेकरनं बी माझं पास केलंय!”

मी म्हटलं, तुझं काय पास केलं?

आणि तिनं सांगितलं. हसत सांगितलं. तो पांढरा तंतू. मी कॉलेजला गेल्यावर तिनं कार्ड उजेडात धरलं, पानाच्या कात्रीनं कडेवरनं केसाएवढी पट्टी काढली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. “तू हात लावू नगं म्हनलास, म्हंजी तुला जमनार न्हाय ते मला ठावं हुतं. म्हनून म्या केलं. कुनाला बोलले न्हाय, कुनाची नजर लागंल म्हनून.”

आणि म्हणाली, “त्या टायमाला वाटलं, आयुष्यभर ह्या हातांनी दुसऱ्यांसाठी कापलं, येकदा लेकासाठी कापावं.”

मी काय म्हणू? त्या बाईचं आज एकच सुख उरलंय आणि ते खोटं आहे, मीच दिलेलं. मी म्हटलं, हो आई, तुझ्यामुळंच पास झालं. मग मोरीत जाऊन नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. तसाच उभा राहिलो.

कपाटातून कार्ड काढून मोजपट्टी लावली. केसभर कमी आहे. इतकं सरळ कापलंय की कुठल्या यंत्रालाही जमणार नाही.

सिद्ध्या. अरे देवा, सिद्ध्या.

३ मे

फोन लावला. चौथ्यांदा उचलला. मी एका दमात सांगितलं, आईनं कापलं, तिला माहीत नव्हतं, मी चुकलो, मला माफ कर.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आता मावशीवर घाललास व्हय? लाज वाटत न्हाय बे तुला? कुणीच गावलं न्हाय म्हणून आई?”

“अरे खरं सांगतोय मी.”

“मावशी अशा वस्तूला हात लावती? तूच कापलास. तूच फोडलास, तूच कापलास, आणि माझ्या हातात देऊन पाठवलास. मला वाटत हुतं हे महिनाभर, पण तुझं नाव घ्यायला माझं तोंड उघडत नव्हतं. आज उघडलं.”

ठेवला.

तो म्हणतो ते किती खरं वाटतं. मीही तेच मानलं असतं. त्याला एक महिना माझं नाव घ्यायला तोंड उघडत नव्हतं आणि मी एका दिवसात अख्ख्या महाराष्ट्राला त्याचं सांगून बसलो.

४ मे, रविवार

ग्रुपवर खरं ते लिहिलं. सिद्धरामचा काही दोष नाही, कार्ड माझ्या घरी माझ्या आईकडून कापलं गेलं, मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो.

पहिलं उत्तर अभिमन्यूचं: “भाऊ, किती दिले त्यानं?” मग कुणीतरी, “बिडीची कात्री? काहीतरी पटेल असं तरी सांगा.” मग हसणारी तोंडं, ओळीनं. एकानं तर लिहिलं, आईचं नाव पुढं करणारा माणूस पहिल्यांदा बघितला. खोटं बोललो तेव्हा अंगठे आणि खरं बोललो तेव्हा जोडे. नंतर मलाही काढून टाकलं. बरं झालं.

आता सांगायला कुणी उरलं नाही. आईला सांगता येत नाही, सिद्ध्या ऐकत नाही, बाकीचे हसतात. सकाळी उठावं असं वाटत नाही. ऑफिसात शिक्का मारताना हात मध्येच थांबतो, कशावर मारतोय तेच कळत नाही.

१० मे

आईनं न विचारता काय केलं, तर शेंगाच्या पोळ्या केल्या आणि उन्हातून स्वतः नव्या पेठेत सिद्ध्याच्या दुकानात गेली. “उद्याच्याला जेवायला ये, न्हाय आलास तर म्या बी जेवनार न्हाय,” असं बजावून आली. मला म्हणते, “भांडलाव का रं तुमी? वाळलाय लई त्यो.” मी म्हटलं, कशाला भांडू.

येणार नाही तो.

११ मे, रविवार

आला.

माझ्याकडं न बघता आत आला, आईच्या पाया पडला, पाटावर बसला. त्याच्या शर्टाच्या खिशात एक कार्ड होतं, साध्या पाकिटात. मी लांबूनच ओळखलं. मुलगी झाली त्या दिवशी त्यानं घेतलेलं, सलामीच्या फलंदाजाचं. कधी डबीत घातलं नाही, कुणाला गुण द्यायला दिलं नाही. म्हणायचा, हे माझं मी बघायला हाय. सगळी कार्डं विकायला काढलीत त्यानं, हे मी ऐकलं होतं. हैदराबादचा कुणी घेणारा संध्याकाळी येणार, असं तो आईला म्हणाला, आईनं विचारलं म्हणून.

आई वाढत होती आणि बोलत होती. तिला कोण मिळालं होतं बोलायला! नव्या चेकरला तिनं यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग म्हणाली, “तुमचं ते कारड म्या साफ केलं म्हनून पास झालं, ठावं हाय का तुला? ह्यानं सांगितलं न्हाय व्हय? ह्यो कशाला सांगंल, सगळं सोताच्याच नावावर घ्यायचं.”

सिद्ध्याचा घास हातातच राहिला. मी मान वर केली नाही. दीड महिन्यात पहिल्यांदा तो माझ्याकडं बघतोय हे मला मान खाली असूनही कळलं. मला वाटलं आता तो सांगणार, मावशी, ते पास झालं नाही. सांगायचा त्याला हक्क होता. त्याचं सगळं गेलं होतं.

“व्हय मावशी?” तो म्हणाला. “कसं काय साफ केलाव?”

“कसं म्हंजी? कात्रीनं. आन हिकडं येखादं, दावते.”

त्यानं डावा हात खिशात घातला आणि ते कार्ड काढून तिच्यापुढं धरलं.

मी म्हटलं, “सिद्ध्या, नको.” आई म्हणाली, “तू गप रं.” तिनं पदराला हात पुसले, सुपातली कात्री घेतली, दाराशी जाऊन कार्ड उन्हात तिरकं धरलं. “हितं बग, कोपऱ्याला जरा उठलंय.” आणि कापलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, श्वास रोखून. कापून झाल्यावर फुंकर मारली आणि त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. सगळ्या बाजूंनी बघितलं.

“पास हाय, मावशी. पहिल्या नंबरात पास.”

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, आता त्या पोरगेल्या चेकरला सांगा कुनीतरी. सिद्ध्या पुन्हा पाटावर बसला आणि ताटातलं सगळं संपवलं. वर आणखी एक पोळी मागून घेतली.

मी त्याच्यामागं गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. म्हटलं, “तुझं कार्ड गेलं. का दिलंस? तुला पटलं होतं की, ती सांगत होती तेव्हाच पटलं होतं.” तो गाडीला किल्ली लावत राहिला. मी म्हटलं, “आता तरी माफ कर.”

“मावशीला कार्ड म्हंजी काय ते ठावं नव्हतं,” तो म्हणाला. “तुला मी कोण ते ठावं हुतं.”

गाडी सुरू केली आणि गेला. त्यानं ते कार्ड तिला का कापू दिलं ते मला अजून कळलेलं नाही. स्वतः बघून खात्री करायची असेल. दुसरं काय असणार?

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी आईबरोबर विहारात गेलो. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझा आवाज निघाला नाही. शेजारी आई खणखणीत म्हणत होती.

घरी येताना तिनं विचारलं, “सिद्धराम फुडल्या रविवारी येनार हाय का रं? बाकीची कारडं बी घिऊन ये म्हनावं, बसून करून देते.”

मी म्हटलं, येणार आहे.